नाशिक, न्यू जर्सी, म्युनिक: तीन देशांतली मुलं एकाच माइनक्राफ्ट सर्व्हरवर. वेळ, भाषा आणि भांडणं कशी सांभाळायची?

गोदाकाठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी. १० ते १५ वयाच्या २२ मुलांसाठी माइनक्राफ्टचा (ब्लॉक रचून जग बांधायचा खेळ) कायमचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं सामायिक जग चालवणारा संगणक, उभा करायचा आहे. १२ जण नाशिकचे, ५ न्यू जर्सीतल्या मराठी शाळेचे आणि ५ म्युनिकचे. म्युनिकच्या पाचांत मराठी दोघंच, बाकी तिघं त्यांच्या वर्गातली: एक जर्मन, एक तुर्की घरातला, एक ब्राझीलची. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण कोणाला किती ते विचारू नका.

नाशिकची मुलं बहुतेक मोबाईलवर, परदेशातली लॅपटॉपवर. मोफत सर्व्हर वापरून झाला. तो रिकामा झाला की झोपतो आणि उठवायला रांग लागते, तोवर कुणीतरी जेवायला निघून जातं. महिन्याला थोडे पैसे घालायची तयारी आहे. सर्व्हर कुठे घ्यावा, वेळ कुठली धरावी, आणि मुख्य म्हणजे ही मुलं एकमेकांशी खेळतील कशी? सध्या एका जगात तीन गावं वसतात आणि शेजारपाजार काही नाही.

---

रेडस्टोन_मिस्त्री

ताई, जागेपासून सुरुवात करू. सर्व्हर मुंबईत घेतलात तर नाशिकला मजा, पण न्यू जर्सीला साधारण २०० मिलिसेकंद पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) बसेल. फ्रँकफर्टला घेतलात तर भारतातून १२०–१३०, न्यू जर्सीहून ९०च्या आसपास आणि म्युनिकला जवळपास शून्यच. बांधकाम आणि खाणकामाला १५०पर्यंत काही जाणवत नाही. २००च्या पुढे मात्र फोडलेला ब्लॉक परत उगवायला लागतो: तुमच्या स्क्रीनवर तो लगेच जातो, पण सर्व्हरने होकार दिलेला नसतो. म्हणून फ्रँकफर्ट. तलवारबाजीच्या स्पर्धा घेणार असाल तर १२०वालेही कुरकुरतील, पण २२ मिश्र मुलांत तलवारबाजी ठेवूच नये असं माझं मत.

मोबाईल म्हणजे बेडरॉक आवृत्ती आणि लॅपटॉपवर बहुधा जावा. दोन्ही आपापसांत बोलत नाहीत. त्यामुळे रेल्म्स, म्हणजे खेळ बनवणाऱ्या मोजांगचाच भाड्याचा सर्व्हर, घेऊन भागणार नाही. जावाचं रेल्म वेगळं, बेडरॉकचं वेगळं, आणि मालक धरून ११च जण एका वेळी. घ्यायचा तो पेपर सर्व्हर (जावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर), त्यावर गायझर आणि फ्लडगेट ही दोन प्लगइन (सर्व्हरला जोडायच्या पुरवण्या). गायझर बेडरॉकचं बोलणं जावाला समजेल असं करतं, फ्लडगेटमुळे मोबाईलवाल्यांना जावाचं वेगळं खातं विकत घ्यावं लागत नाही. त्यांच्या नावाआधी टिंब लागतं, घाबरू नका, ओळख म्हणूनच आहे.

इथे हटकून चुकतं ते सांगतो (कमांड आणि फाइली देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात रोमन):

पोर्ट, म्हणजे सर्व्हरमध्ये यायचा क्रमांकाचा दरवाजा. जावा २५५६५ वर टीसीपीने येतं, बेडरॉक १९१३२ वर यूडीपीने (डेटा पाठवायच्या या दोन पद्धती). होस्टच्या पॅनेलमध्ये दुसरं पोर्ट उघडायचं राहतं किंवा टीसीपीच उघडलं जातं. मग लॅपटॉपवाले आत आणि मोबाईलवाले बाहेर.

सर्व्हर-प्रॉपर्टीज फाइलमध्ये 'एनफोर्स सिक्युअर प्रोफाइल' फॉल्स करा, नाहीतर मोबाईलवाल्यांचं चॅट अडतं. 'ऑनलाइन मोड' मात्र ट्रूच ठेवा. नाशिकच्या बारांपैकी कोणाकडे तरी फुकट उतरवलेली जावा असणार आणि तो 'एवढं फॉल्स करा ना' म्हणणार. ते केलंत की जगातला कुणीही तुमचं नाव टाकून तुमच्याच अधिकाराने आत येईल. त्या मुलाला मोबाईलची आवृत्ती घ्या म्हणावं, स्वस्त पडते.

मोबाईलचं ॲप आपोआप अपडेट होतं, गायझर होत नाही. एका सकाळी बाराच्या बारा मुलं 'सर्व्हर जुना आहे' म्हणतील, तेव्हा गायझरची नवी फाइल टाकून सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. बस.

मेमरी ८ जीबी पुरे. 'व्ह्यू डिस्टन्स' (किती लांबचं दिसतं) १० वरून ८, 'सिम्युलेशन डिस्टन्स' (किती लांबचं जग चालू राहतं) १० वरून ५. जग आधीच तयार करून ठेवा: चंकी प्लगइनने मध्यापासून ३००० ब्लॉकपर्यंत, आणि तिथेच सीमा आखा. पहिल्या दिवशी २२ जण २२ दिशांना पळतात आणि सर्व्हर नवी जमीन बनवता बनवता गुडघे टेकतो. आणि 'लॅग आहे' म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, सगळ्यांना की तुला एकट्याला? सगळ्यांना असेल तर 'टीपीएस' (सर्व्हर सेकंदाला किती ठोके टाकतो) ही कमांड द्या. २० हा आकडा ठीक. १५च्या खाली गेला तर दोष सर्व्हरचा. २० असूनही अडकत असेल तर त्याच्या घरचं वायफाय.

---

घड्याळजी

वेळेचं गणित. शनिवार-रविवार भारतीय संध्याकाळी ७:३० धरा. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे १० आणि म्युनिकला दुपारचे ४. हिवाळ्यात ९ आणि ३. कोणाची झोप मोडत नाही, कोणाचं जेवण चुकत नाही. दीड तास पुष्कळ झाला.

वेळ भारतीयच पक्की ठेवा, कारण आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही. त्या दोघांचं हलतं, आणि एकाच दिवशी हलत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, युरोप मार्चच्या शेवटच्या. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. २०२६मध्ये ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात न्यू जर्सी आणि म्युनिकमधलं अंतर सहाऐवजी पाच तास. याच आठवड्यांत निम्मी मुलं तासभर उशिरा येतात आणि 'तुम्ही आमच्याशिवाय सुरू केलंत' हे भांडण होतं. पालकांच्या गटात आदल्या शुक्रवारी तिन्ही गावांच्या वेळा लिहून टाका. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ३/४ म्हणजे आपल्याला आणि जर्मनांना ३ एप्रिल, न्यू जर्सीला ४ मार्च.

आणखी एक, सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हर रोज आपोआप बंद होऊन सुरू होतो, ती वेळ लोक पहाटे ४ ठेवतात. भारतीय पहाटे ४ म्हणजे न्यू जर्सीत संध्याकाळचे ६:३०, पोरं गृहपाठ संपवून नुकती बसलेली. दुपारी १ ठेवा: न्यू जर्सीत पहाट, म्युनिक-नाशिकमध्ये शाळा. पॅनेलचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, तिथे ७:३० भरा. बॅकअप त्याच्या आधी पाच मिनिटं, शेवटचे सात दिवस ठेवायचे.

---

गोदाकाठ

मिस्त्रीदादा, घड्याळजी, खूप आभार. फ्रँकफर्ट ठरलं. आता भाषेचं सांगा. पाट्या मराठीत लावाव्यात का? आणि चॅटला भाषांतराचं प्लगइन घालावं का?

---

टायपोताई

भाषांतराचं प्लगइन नको. मुलं 'tu kuthe ahes' असं रोमनमध्ये लिहितात—

(माफ करा, इथेही सवय. 'तू कुठे आहेस' रोमनमध्ये.) त्या रोमन मराठीचं यंत्र काहीही करतं, आणि चुकीचं भाषांतर न समजण्यापेक्षा वाईट. न समजलं तर मूल विचारतं; चुकीचं समजलं तर रुसतं.

पाट्यांचं: जावा आवृत्तीत देवनागरी दिसते पण जुळत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं हलंत होऊन सुटी पडतात. 'नाशिक' वाचता येत नाही हो. मोठ्या मराठी अक्षरांची हौस असेल तर ती ब्लॉकनीच रचा, काँक्रीटच्या ब्लॉकनी शिरोरेघ झकास येते.

खरी सोय वेगळीच आहे. खेळातल्या वस्तूचं नाव ज्याच्या-त्याच्या स्क्रीनवर त्याच्या भाषेत येतं, कारण सर्व्हर नाव पाठवत नाही, वस्तूची खूण पाठवतो. तुमच्या 'कॉबलस्टोन'ला म्युनिकचा मुलगा 'ब्रुखश्टाइन' म्हणून बघत असतो. म्हणून पेटीवर पाटी लावू नका, आयटम फ्रेम लावा आणि तीत ती वस्तूच टांगा. लोखंडाच्या पेटीवर लोखंडाची वीट, गव्हाच्या पेटीवर गहू. आठ काड्या आणि एक चामडं, एक फ्रेम तयार. तीस पेट्यांचं सामायिक कोठार असं लावलंत की भाषेचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. कोण कसा मेला याचे संदेशही ज्याला-त्याला त्याच्या भाषेत दिसतात, आणि हसायला सगळ्यांना तेच निमित्त लागतं.

हसण्यावरून: हे मुलांना आधी सांगून ठेवा. ब्राझीलची मुलगी हसली की 'के' हे रोमन अक्षर ओळीने टाइप करेल, चार, सहा, कितीही. न्यू जर्सीच्या मुलाला तीन 'के' दिसले तर त्याच्या डोक्यात कू क्लक्स क्लॅन ही अमेरिकेतली वर्णद्वेषी संघटना येते. दोघंही बरोबर, आणि एका वाक्यात सुटणारी गोष्ट. तुर्की मुलगा आल्याआल्या 'एस ए' लिहील, तो सलाम आहे. उत्तर 'ए एस'. ही दोन अक्षरं नाशिकच्या मुलांनी शिकून घेतली तर तो मुलगा कायमचा तुमचा.

शिव्या गाळणारं प्लगइन लावाल तर पूर्ण शब्दावर लावा, तुकड्यावर नाही. तरीही यादीत इंग्रजी 'डाय' असेल तर जर्मन मुलाला बोलताच येणार नाही, कारण त्याच स्पेलिंगचा 'डी' हा त्याच्या भाषेतला साधा उपपद शब्द आहे, दर ओळीत येणारा. मराठीत 'असेल' रोमनमध्ये दोन एस घालून लिहिणारे आहेत, तुकड्यावर लावलं की तेही अडकतात.

आणि विनंतीचं. मराठीत 'लाकूड दे ना' यातला 'ना' सगळं काम करतो. मूल तेच इंग्रजीत 'गिव्ह वुड' करतं. ना गळाला, हुकूम उरला. समोरचा नुसतं 'नो' लिहितो आणि आपल्या मुलाला तो उर्मट वाटतो. एकच साचा पाठ करून घ्या: काय हवं, किती हवं, बदल्यात काय देणार. '१६ लाकूड हवं, ८ लोखंड देतो, प्लीज.' आकडे आले की भाषा कमी लागते.

जाता जाता: जर्मन कळफलकावर तिरकी रेघ शिफ्ट आणि ७ वर आहे. 'स्लॅश दाबा' असं सांगून म्युनिककर कमांड देणार नाहीत. आधी टी दाबून चॅट उघडायचं, मग शिफ्ट-७.

---

बिनधास्त_बिल्डर

एवढं टाइप कशाला करायचं? सिंपल व्हॉइस चॅट घाला, मुलं बोलतील आपोआप.

---

रेडस्टोन_मिस्त्री

बिल्डरभाऊ, ते जावावाल्यांच्या मशीनवर मॉड (खेळातच घालायची भर) म्हणून घालावं लागतं, आणि मोबाईलच्या बेडरॉकला त्याचं मॉड बसतच नाही. म्हणजे न्यू जर्सी आणि म्युनिक बोलणार, नाशिकचे बारा मुके. जी फूट बुजवायची तीच रुंद होते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपला किमान वय १३, काही देशांत त्याहून जास्त. इथे दहाची मुलं आहेत. पहिले दोन महिने टाइपच करू द्या. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याला लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, बोलताना मिळत नाही.

---

कोतवाल

भांडणांचं माझ्याकडे.

मुलं कुठल्या देशाची यावर भांडण ठरत नाही, आधी कुठल्या सर्व्हरवर खेळली यावर ठरतं. एकाला वाटतं, उघडी पेटी म्हणजे सगळ्यांची. दुसऱ्याला वाटतं, ज्याने ठेवली त्याची. तिसरा लुटालुटीच्या सर्व्हरवरून आलेला असतो, त्याच्या मते दार लावलं नाहीस ही तुझी चूक. तिघांनाही कुणी नियम सांगितलेला नसतो. म्हणून नियम कमी आणि मोजता येतील असे: दुसऱ्याच्या घरापासून २० ब्लॉकच्या आत न विचारता काही फोडायचं-बांधायचं नाही. फ्रेम लावलेली पेटी सगळ्यांची, बिनफ्रेमची ज्याची-त्याची. झाड तोडलं तर रोप लावायचं. 'नीट वागा' हा नियम नव्हे, त्याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा.

कोअरप्रोटेक्ट प्लगइन पहिल्या दिवसापासून हवं; ते बसवण्याआधीचं काही त्याला माहीत नसतं. 'को' आणि 'आय' ही कमांड दिली की कुठल्याही ब्लॉकवर टिचकी मारून तो कोणी, कधी ठेवला किंवा फोडला ते दिसतं. पेटीतून कोणी काय काढलं तेही. आळ घेण्याआधी हे बघायचं. निम्म्या वेळा गुन्हेगार क्रीपर, म्हणजे खेळातला स्फोट होणारा राक्षस, निघतो.

मोडतोड झाली तर रोलबॅक (झालेलं मागे फिरवणं): नाव, वेळ, अंतर, तिन्ही द्या. अमुक मुलगा, मागचे २ तास, भोवतीचे २० ब्लॉक. नाव द्यायचं राहिलं तर त्या टापूत दोन तासांत सगळ्यांनी बांधलेलं उडतं. आधी 'प्रिव्ह्यू' जोडून बघा, मग खरं करा. आणि ज्याचं घर मोडलं त्याच्यासमोर करा. घर डोळ्यांदेखत परत उभं राहिलं की राग निम्म्यावर येतो.

प्रत्येक गावातला एक मोठा माणूस देखरेखीला हवा, कारण भारतात मध्यरात्री न्यू जर्सीचे पाच जण एकटे खेळत असतात. त्याला 'ऑप', म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार, देऊ नका. लक-पर्म्स प्लगइनने फक्त तपासणी, बाहेर काढणं आणि चॅट बंद करणं एवढंच द्या. व्हाइटलिस्ट (आत येऊ शकणाऱ्यांची यादी) लावाच आणि 'एनफोर्स व्हाइटलिस्ट'ही ट्रू करा. मोबाईलवाल्यांना यादीत घालायची कमांड फ्लडगेटची वेगळी आहे, 'एफ-व्हाइटलिस्ट'. साध्या कमांडने ते सापडत नाहीत.

मुलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर वय खरं टाकलं असेल तर मल्टिप्लेअर बंद असतं आणि 'खात्याची सेटिंग तपासा' एवढंच दिसतं. पालकांनी फॅमिली सेटिंगमध्ये जाऊन मल्टिप्लेअरला आणि बोलण्याला, दोन्हीला परवानगी द्यायची. एकच दिली की मूल आत येतं पण चॅट दिसत नाही. पहिल्या शनिवारी नाही, आदल्या बुधवारी हे तपासून घ्या.

---

टायपोताई

कोतवालांना जोड: झोपेचा नियम बदला. मुळात सगळे जण पलंगावर गेल्याशिवाय रात्र सरत नाही. बावीस जणांत कोणीतरी खाणीत असतो, कोणीतरी खेळ उघडा टाकून वरणभात खात असतो. 'प्लेयर्स स्लीपिंग पर्सेंटेज' हा गेमरूल ३० करा. ७ जण असतील तर तिघं झोपले की सकाळ.

---

घाटपांडे_नव्हे_घाटबांधे

तीन गावं शेजारी कशी येतील याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. गप्पा मारा म्हणून मुलं गप्पा मारत नाहीत. एका कामाला जुंपा.

रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांसाठीच्या संघटनेने १२ मार्च २०२०ला माइनक्राफ्टमध्ये बंदी आलेल्या लेखांची 'अनसेन्सर्ड लायब्ररी' उघडली. १६ देशांतल्या २४ जणांनी सव्वा कोटी ब्लॉक लावून ती उभी केली. त्याच मार्चमध्ये सुरू झालेला 'बिल्ड द अर्थ' तर सगळी पृथ्वीच एक ब्लॉक म्हणजे एक मीटर या मापाने बांधतोय, देशोदेशींचे गट वाटून घेऊन. अशा ठिकाणी माप, नकाशा आणि हद्द आधी ठरलेली असते, म्हणून अनोळखी माणसाचं काम तुमच्या कामाला येऊन जुळतं.

तुमच्यासाठी: ४८ गुणिले ४८ ब्लॉकचे सहा प्लॉट आखा. ४८ म्हणजे बरोबर तीन चंक (खेळातल्या जमिनीचे १६ ब्लॉक रुंद तुकडे). जावावर एफ-३ आणि जी दाबलं की चंकच्या रेघा दिसतात, आखणी सोपी. मधे ५ ब्लॉकचा रस्ता. २२ मुलांचे सहा गट: दोन गट तिघांचे, चार गट चौघांचे. प्रत्येक गटात नाशिकचे दोघं. उरतात परदेशातली दहा: तिघांच्या गटात एक-एक, चौघांच्या गटात न्यू जर्सीचा एक आणि म्युनिकचा एक. गावाप्रमाणे गट केलेत तर परत तीच तीन गावं.

विषय असा द्या की गटातल्या एकाच गावच्या मुलांना तो ठाऊक असेल. गोदाघाटाच्या पायऱ्या आणि कुंडं नाशिकच्यांना माहीत, मारियनप्लाट्झ चौकातला घड्याळाचा मनोरा म्युनिकला, डायनर हॉटेलचा लांबट डबा न्यू जर्सीला. मग ज्याला माहीत आहे त्याला समजावून सांगावंच लागतं, आणि बाकीच्यांना विचारावंच लागतं. मुदत तीन आठवडे. फोटो दिला तर मुलं फोटोची नक्कल करतात, मोजमाप द्या. पायरी किती रुंद, माणूस किती उंच दिसेल. घाटाला सरळ ब्लॉक वापरले तर चढ ४५ अंशांचा येतो आणि किल्ला वाटतो. स्लॅब, म्हणजे अर्ध्या उंचीचे ब्लॉक, घ्या, दोन ब्लॉक पुढे गेल्यावर एक उंची, तेव्हा घाट दिसतो.

शेवट दिवाळीला जोडा. फटाके खेळातच आहेत आणि जर्मन मुलांना फटाके म्हटलं की ३१ डिसेंबर आठवतो, त्यामुळे विषय आपोआप निघतो. हिशोब: एक कागद, दोन दारू (फटाक्यांची) आणि एक तारा (रॉकेटमधला फुटणारा गोळा) यांत तीन रॉकेट होतात, एका ताऱ्याला आणखी एक दारू आणि एक रंग. १८० रॉकेटना ६० कागद, ६० रंग आणि १८० दारू. कागदाला ६० ऊस पुरतो. दारू क्रीपर मारून मिळते, तीच अडते, म्हणून दोन आठवडे आधी गोळा करायला लावा. ताऱ्यात सोन्याचा कण घातला की चांदणीचा आकार, ग्लोस्टोनची पूड घातली की लुकलुक.

---

गोदाकाठ

हे फार आवडलं. १८० रॉकेट एकदम उडवली तर नाशिकचे मोबाईल तग धरतील का?

---

रेडस्टोन_मिस्त्री

नाही धरणार. डिस्पेन्सरला (वस्तू बाहेर फेकणारा ब्लॉक) रेडस्टोनची (खेळातली वीज) माळ लावा आणि दहा-दहाच्या फैरी करा, मधे चार-पाच सेकंद. मोबाईलवाल्यांनी सेटिंगमध्ये दृश्याचं अंतर कमी करून बसायचं. आणि प्रेक्षक डिस्पेन्सरपासून किमान १० ब्लॉक लांब: तारा घातलेलं रॉकेट ५ ब्लॉकच्या आत फुटलं तर इजा होते. छताखाली तर अजिबात लावू नका, रॉकेट छताला आपटून तिथेच फुटतं.